रुबार्बला 'रेवाचिनी' म्हणावे का?

परभणीहून प्रश्न : मी अनुवादित करीत असलेल्या एका इंग्रजी कथेत आजी रुबार्बचे तांबूस देठ चिरते, भरपूर साखर घालून शिजवते आणि मैद्याच्या पारीत भरून भाजते. कोशात पाहून मी 'रेवाचिनीचे देठ' असे लिहिले, तेव्हा मामांनी हरकत घेतली की रेवाचिनी हे पोटाचे औषध आहे, ते कोणी गोड करून खात नाही. कोणता शब्द ठेवावा?

नांदेडहून : मामांचे म्हणणे योग्य आहे. आपल्याकडे रेवाचिनी म्हणजे त्या कुळातील वनस्पतींचे वाळलेले मूळ. वडिलांच्या काष्ठौषधींच्या दुकानात त्याचे पिवळट तपकिरी तुकडे असत. कुटताना बोटे पिवळी होत आणि तुकडा चावला तर दाताखाली रेती आल्यासारखी कचकच लागे. थोड्या मात्रेत ते पोट बांधते, जास्त मात्रेत जुलाब करवते. देठाला हे नाव मी कधी ऐकलेले नाही.

लातूरहून : रेवा म्हणजे नर्मदा, तेव्हा हा शब्द मूळचा आपलाच असावा असे मला वाटते, मग परका 'रुबार्ब' कशाला?

नांदेडहून : तसे मानता येणार नाही. ही झाडे थंड डोंगराळ प्रदेशातली आहेत, नर्मदाकाठची नव्हेत. फारसीतील 'रेवंद' युनानी हकिमांबरोबर इकडे आला आणि 'चिनी' चीनवरूनच आले. तिकडच्या लिन झेशू या अधिकाऱ्याने 1839 साली राणी व्हिक्टोरियाला उद्देशून लिहिलेल्या पत्रात, चहा आणि हेच मूळ यांवाचून परदेशीयांचे चालत नाही, असे बजावले होते.

बीडहून : वाचकाच्या जिभेला आंबटपणा जाणवायला हवा असेल तर सरळ 'चुका' लिहावे. वनस्पतिशास्त्रात दोन्ही एकाच कुळातील आहेत आणि दोन्हींत ऑक्झॅलिक आम्ल असते. प्रचारातला शब्द असताना कोशातला अडगळीचा शब्द का काढावा?

परभणीहून : परंतु चुक्याची आपण पाने खातो आणि रुबार्बची पाने विषारी असल्यामुळे ती टाकून केवळ देठ घेतात. आजीने पाने फेकली हे वाक्य कथेत आहे. तेथे 'चुका' घातल्यास ते वाक्यच निरर्थक होईल.

बीडहून : मग अंबाडी चालेल, तिचा आंबटपणाही तोच.

लातूरहून : अंबाडी भेंडीच्या कुळातली आहे, तिला चुक्याच्या पंगतीत बसवू नये. शिवाय चुक्याच्या भाजीत तुरीची डाळ आणि शेंगदाणे घालतात, तर अंबाडीला ज्वारीच्या कण्या लागतात.

बीडहून : आमच्याकडे अंबाडीतही तुरीचीच डाळ घालतात.