स्कोल्स बूट काढल्यावरच एवढा मोठा कसा झाला?

मधलीफळी:

इंग्लिश फुटबॉलच्या गप्पांत ‘सर्वोत्तम मिडफिल्डर कोण, लिव्हरपूलचा जेरार्ड, चेल्सीचा लॅम्पार्ड की मँचेस्टर युनायटेडचा स्कोल्स’ हा विषय निघाला की हल्ली निम्मे लोक एका दमात स्कोल्सचं नाव घेऊन मोकळे होतात. वर ‘ज्याला खेळ कळतो तो स्कोल्सच म्हणणार’ ही पुस्ती असतेच. २००५ साली हाच प्रश्न टाकला असता तर भांडण जेरार्ड आणि लॅम्पार्डवाल्यांतच लागलं असतं. त्या वर्षी बॅलन डी’ऑरच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूच्या किताबाच्या, मतदानात रोनाल्डिन्यो पहिला, लॅम्पार्ड दुसरा, जेरार्ड तिसरा. स्कोल्स त्या गप्पांत कुठेच नव्हता.

पॉल स्कोल्स २०१३ मध्ये दुसऱ्यांदा आणि कायमचा निवृत्त झाला. त्यानंतर त्याने मँचेस्टर युनायटेडसाठी ना एक पास दिला, ना एक गोल केला. मग भाव वधारला कशाने?

माझं मत सांगतो, पटलं नाही तर झोडा. आज ज्याची आरती ओवाळली जाते तो २००६ नंतरचा स्कोल्स आहे. मध्यरेषेच्या आसपास उभा, चेंडू यायच्या आधीच मान वळवून सगळं टिपून ठेवलेलं, आणि मग चाळीस यार्डांवर उजव्या बगलेतल्या गड्याच्या बरोबर पायात पास. फिरणाऱ्या क्लिप बहुतेक याच्याच. पण त्याआधी दहा-बारा वर्षं खेळला तो स्कोल्स निराळा होता. त्याचं काम बॉक्समध्ये उशिरा घुसून गोल मारणं. २००२-०३ मध्ये स्ट्रायकर व्हॅन निस्टलरॉयच्या मागे खेळताना त्याने सगळ्या स्पर्धा मिळून २० गोल केले. २००५-०६ च्या मध्यावर डोळ्यांचा त्रास सुरू झाला, धूसर दिसायला लागलं, उरलेला हंगाम जवळपास पाण्यात गेला. परतला तो मागे सरकून खेळू लागला.

चाहत्यांनी पंचविशीतले गोल आणि तेहतिशीतले पास एकाच माणसाच्या खात्यावर, एकाच दिवशी जमा केलेत. असा स्कोल्स कुठल्याच शनिवारी मैदानात उतरलेला नाही. आणि त्याच्यासमोर जेरार्ड मात्र खराखुरा उभा करतात, २०१४ मध्ये चेल्सीविरुद्ध पाय घसरला आणि गोल बसला, त्यासकट.

स्ट्रेटफर्ड:

झोडतो. निमंत्रणच आहे म्हटल्यावर.

एकाच माणसाने दोन वेगळ्या जागा गाजवल्या, याला तुम्ही लबाडी म्हणताय? वय झाल्यावर पाय मंदावतात हे सगळ्यांच्याच नशिबी असतं. त्यावर उपाय शोधून त्याने पुढे आणखी काही लीग जिंकल्या. एकूण ११ लीग विजेतेपदं, ७१८ सामने, १५५ गोल. तुमचे दोन्ही स्कोल्स मिळून हा हिशेब होतो आणि तो एकाच माणसाच्या नावावर आहे.

२००८ ची चॅम्पियन्स लीगची उपांत्य फेरी आठवा. समोर बार्सिलोना, पहिला सामना ०-०. दुसऱ्यात, युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर, त्यांच्या झाम्ब्रोटाने चेंडू धड काढला नाही, तो बॉक्सबाहेर स्कोल्सकडे आला. एक स्पर्श सावरायला, दुसरा थेट जाळ्यात. दोन्ही सामने धरून तेवढाच एक गोल, त्यावर मॉस्कोची अंतिम लढत गाठली. मागे सरकलेला माणूस तो. गोल मारायचं विसरला होता असं दिसत नाही.

आणि २००५ मध्ये नाव नव्हतं म्हणता, तर तेव्हा बोलणारे कोण होते? वर्तमानपत्रं. स्कोल्स त्यांना मुलाखत देणं टाळायचा. खेळ संपला की घरी. उलट बार्सिलोनाचा मिडफिल्डर झावी याच्यासारख्या माणसाने त्याला गेल्या पंधरा-वीस वर्षांतला आपण पाहिलेला सर्वोत्तम मिडफिल्डर म्हटलं. मी झावीचं ऐकेन.

नंबरआठ:

झावी बोलला, मान्य. पण त्याच्याखाली आणखी दहा नावांची वाक्यं चिकटवलेली चित्रं फिरतात, काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं. कधी बोलला, कुणाशी बोलला, काही पत्ता नाही. एखाद्याने सामना संपल्यावर सौजन्य म्हणून दोन शब्द चांगले काढले की आपण त्याची सनद करून भिंतीवर टांगतो.

खेळाडूंचं मत हवंय ना? ते दरवर्षी लेखी नोंदवलं जातं. व्यावसायिक फुटबॉलपटूंची संघटना हंगामाचा संघ निवडते, मतं खेळाडूच देतात. ज्यांनी या तिघांविरुद्ध नडग्या सोलून घेतल्या तेच. प्रीमियर लीगच्या त्या संघात जेरार्ड ८ वेळा, लॅम्पार्ड ३ वेळा, स्कोल्स २ वेळा. वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून २००६ मध्ये जेरार्ड निवडला गेला. स्कोल्स तो किताब कधीच जिंकला नाही.

आणि ते ११ लीगचं तुणतुणं पुरे. फिल नेव्हिलकडे ६ आहेत, जेरार्डकडे शून्य. करा मग तुलना.

कडेनेबघणारा:

फिल नेव्हिलला यात ओढायचं काही कारण नव्हतं. गरीब बिचारा.

स्ट्रेटफर्ड:

त्या मतदानात एक गोम आहे. मतं हंगाम संपायच्या बऱ्याच आधी पडतात, आणि मोठ्या संघातल्या पाचजणांत वाटली जातात. युनायटेडमध्ये कीन होता, गिग्ज होता, बेकहॅम होता. लिव्हरपूलमध्ये त्या काळात मत द्यायचं तर जेरार्डशिवाय द्यायचं कुणाला?

नंबरआठ:

म्हणजे अडखळत्या संघाला एकट्याने ओढलं हा जेरार्डचा दोष? बरं. २००५ ला इस्तंबूलमध्ये चॅम्पियन्स लीगच्या अंतिम लढतीत मिलानविरुद्ध ०-३ अशा अवस्थेत पहिला गोल डोक्याने कोणी मारला? २००६ च्या एफए कपच्या अंतिम सामन्यात वेस्ट हॅमविरुद्ध दोन गोल, त्यातला दुसरा भरपाई वेळेत, लांबून, पायात गोळे आलेले असताना. आजूबाजूला कीन आणि गिग्ज असते तर हे करावंच लागलं नसतं.

मधलीफळी:

भांडण रंगतंय, पण मूळ मुद्दा निसटतोय. कोण मोठा हा माझा प्रश्नच नाही. माणूस खेळायचा थांबल्यावर चाहते कशाच्या बळावर निकाल देतात, हा आहे.

इंग्लंडचंच घ्या. ‘स्कोल्सला डावीकडे ढकलून इंग्लंडने हिरा मातीत घातला’ हे वाक्य इतकं घोटलं गेलंय की आता त्याला कुणी हरकतच घेत नाही. त्याचे ६६ सामने आणि १४ गोल. बहुतेक सामने तो मधोमधच खेळला. २००२ च्या विश्वचषकात जेरार्ड जखमी होता, तेव्हा निकी बटबरोबर मधे स्कोल्सच होता. डावी बाजू आली ती शेवटच्या टप्प्यात. आणि देशासाठी तीन वर्षं त्याचा गोल झाला नव्हता. तो दुष्काळ संपला युरो २००४ मध्ये क्रोएशियाविरुद्ध, डावीकडून खेळतानाच. त्याच स्पर्धेत मधे खेळणाऱ्या लॅम्पार्डने ३ गोल केले. तेव्हाचा इंग्लंडचा प्रशिक्षक एरिक्सन अगदीच बावळट नव्हता.

पण २९ व्या वर्षी इंग्लंडला रामराम ठोकल्याने एक रिकामी जागा उरली. २००६ ला पोर्तुगालकडून पेनल्टींवर हरलो, २००८ च्या युरोला तर पात्रच ठरलो नाही. दर वेळी लोकांनी त्या रिकाम्या जागी स्कोल्स उभा केला. न खेळलेला खेळाडू कधी चुकत नाही. २०१० च्या विश्वचषकाला तेव्हाच्या प्रशिक्षकाने, कपेलोने, बोलावलं होतं, तो गेला नाही. गेला असता आणि जर्मनीविरुद्धच्या त्या ४-१ च्या पराभवात पस्तिशीचा स्कोल्स पाठलाग करताना दिसला असता, तर आजची गोष्ट वेगळी असती.

पिवळंकार्ड:

स्कोल्सच्या टॅकलबद्दल, म्हणजे समोरच्याच्या पायातून चेंडू हिसकावण्याबद्दल, कुणी बोलणार आहे की नाही? ‘स्कोल्सला टॅकल जमत नाही’ हे सगळे गालात हसत सांगतात, जणू लहान मुलाचा बोबडेपणा. लंडनच्या जुन्या वेम्बली स्टेडियमवर इंग्लंडकडून खेळताना लाल कार्ड मिळालेला पहिला आणि शेवटचा खेळाडू हाच, १९९९, स्वीडनविरुद्ध. २०११ च्या एफए कपच्या उपांत्य सामन्यात मँचेस्टर सिटीच्या झाबालेताच्या मांडीवर बुटाचे खिळे, लाल कार्ड. २००८ च्या सुपर कपमध्ये तर चक्क हाताने चेंडू जाळ्यात ढकलला, दुसरं पिवळं. आणि १९९९ च्या चॅम्पियन्स लीगची अंतिम लढत त्याने बाहेर बसून पाहिली ती तुरीनला मिळालेल्या कार्डामुळे. हे सगळं ‘आमचा स्कोल्सी असाच’ म्हणून माफ. जेरार्ड २०१५ ला युनायटेडविरुद्ध मैदानात उतरला आणि ३८ सेकंदांत लाल कार्ड घेऊन परतला, ते मात्र अजून दर वर्षी उगाळतात.

दोघांनी तोच गुन्हा केला तर एकाची गंमत आणि एकाची बदनामी, हे कसं चालतं ते सांगा.

स्ट्रेटफर्ड:

कारण एकाच्या संघाने तरीही कप उचलला. फुटबॉल असाच आहे, काय करणार.

आकडेमोड:

घसरण्याचा विषय निघालाच आहे तर हिशेब मांडतो, कारण त्यावर भावनिकच बोललं जातं. २७ एप्रिल २०१४, लिव्हरपूलचं मैदान ॲनफिल्ड. पहिला अर्ध संपत आलेला, जेरार्ड घसरला, डेम्बा बा चेंडू घेऊन निघाला, चेल्सी १-०, शेवटी २-०. त्याच्या दोन आठवडे आधी मँचेस्टर सिटीला हरवल्यावर मैदानातच सगळ्यांना कवेत घेऊन ‘आता हे निसटू द्यायचं नाही’ असं बजावणाराही जेरार्डच, म्हणून ते जास्त झोंबलं. हंगामाअखेर सिटी ८६, लिव्हरपूल ८४. चेल्सीविरुद्ध बरोबरी झाली असती तरी ८५ च. म्हणजे लीग एकट्या त्या घसरण्याने गेली नाही. क्रिस्टल पॅलेसविरुद्ध ३-० वरून ३-३ झाला नसता तरच काही होतं. आणि ते तीन गोल जेरार्डच्या माथी कुणी मारत नाही, कारण त्यात एक चेहरा दाखवता येत नाही.

पिवळंकार्ड:

आकडेमोड, गणित बरोबर आणि निष्कर्ष चूक. चेल्सीशी बरोबरी झाली असती तर ८१ गुण झाले असते आणि उरलेले दोन सामने नुसते जिंकून ८७ झाले असते. गोलफरकाचा प्रश्नच नव्हता. हरल्यामुळे सिटीचा गोलफरक गाठायचा म्हणून पॅलेसवर ३-० असतानाही पुढे धावत सुटले आणि मागे भगदाड पडलं. पॅलेसची मुळं ॲनफिल्डवरच आहेत.

आकडेमोड:

३-० ला थांबायला कुणी मनाई केली होती? उरलेल्या अकरा मिनिटांत तीन गोल खाल्ले, त्यात बचावपटू आणि प्रशिक्षक यांचाही हिस्सा धरा की. तुम्ही पुन्हा एकाच माणसाच्या बुटापाशी येऊन थांबताय.

कडेनेबघणारा:

जाता जाता: प्रशिक्षक म्हणून कोण काय करतो त्यावरून जुना खेळ मोजू नका, ही विनंती. जेरार्डने रेंजर्सला २०२०-२१ ची लीग एकही सामना न हरता जिंकून दिली तेव्हा म्हणाले, बघा जन्मजात नेता. ॲस्टन व्हिलाने काढल्यावर तेच म्हणाले, डोकं कधी नव्हतंच. स्कोल्स ओल्डहॅममध्ये महिनाभर टिकला, ते कुणाला आठवतही नाही.

मधलीफळी:

आठवत नाही, हाच मुद्दा आहे ना!

लंडनकर:

एवढा वेळ वाचतोय आणि लॅम्पार्डला कुणी बोटही लावलेलं नाही. धाग्याच्या पहिल्या ओळीत नाव घेतलं आणि विसरलात. प्रीमियर लीगमध्ये १७७ गोल, तेही मधल्या फळीतून. चेल्सीचा आजवरचा सर्वाधिक गोल करणारा, २११. तीन लीग, २०१२ ची चॅम्पियन्स लीग, त्या म्युनिकच्या रात्री संघाचा कर्णधार. इंग्लंडकडून २९ गोल, आणि २०१० ला जर्मनीविरुद्ध आणखी एक रेषेच्या हातभर आत पडूनही पंचांनी दिला नाही. तुमच्या हिशेबाने त्याच्याकडे ना रिकामी जागा, ना घसरणं. म्हणून त्याच्यावर प्रतिसादच नाही का?

स्ट्रेटफर्ड:

त्यातले निम्मे कुणाच्या तरी ढुंगणाला लागून आत गेले.

लंडनकर:

एकशे सत्याहत्तर वेळा तिथे हजर कोण होतं तेवढं सांगा, मग ढुंगणं मोजू.