जनरेटरवरून कॅम्पग्राउंडच्या विजेवर जाताना

एकाने विचारलंय, आरव्हीचा (राहायची सोय असलेल्या गाडीचा) जनरेटर सुरू असतानाच कॅम्पग्राउंडच्या वीज-खांबाला केबल जोडली तर चालेल का? आरव्हीत ऑटोमॅटिक ट्रान्सफर स्विच असेल तर दोन्हीकडची वीज एकत्र येत नाही, तो एका वेळी एकच बाजू घेतो. तरीही लोड, म्हणजे एसीसारखी उपकरणं, चालू ठेवून अदलाबदल करू नका. मी एकदा एसी घरघरत असतानाच प्लग उपटला होता. चट्ट आवाज, निळी ठिणगी, आणि प्लगची एक पिन काळी ठिक्कर. बायको अजून ऐकवते.

आता आधी एसी, मायक्रोवेव्ह, गिझर बंद करतो. जनरेटर दोनेक मिनिटं रिकामा फिरू देतो, मग बंद. खांबावरचा ब्रेकर पाडून प्लग घट्ट बसवायचा आणि मगच ब्रेकर वर. एसी तीन-चार मिनिटं थांबून लावा, कॉम्प्रेसरला दम खाऊ द्या.

खरा धोका मात्र मित्राच्या ड्राइव्हवेत गाडी लावून त्याच्या घरची वीज घेताना असतो. आरव्हीचा 30 अँपिअरचा सॉकेट 120 व्होल्टचा, म्हणजे जेमतेम 3600 वॅट. अमेरिकेतले काही इलेक्ट्रिशियन तो कपड्यांच्या ड्रायरसारखा समजून 240 व्होल्ट जोडून ठेवतात. एका क्षणात मायक्रोवेव्ह, कन्व्हर्टर (बॅटरीसाठी वीज बदलून देणारं यंत्र) सगळं खलास! नवा सॉकेट दिसला की मी आधी व्होल्ट मोजायला मल्टिमीटर लावतो, मित्र हसला तरी.

आणि वीज जोडायला ती दोन्ही टोकांना पिना असलेली, घरी बनवलेली वायर कुणी सुचवली असेल तर ती आजच कापून टाका. एक टोक जोडलं की दुसऱ्या टोकाच्या उघड्या पिनांत वीज असते.