आईच्या मालवणी रेसिपी चॅनलवर लोक बघतात पण बोलत नाहीत, कमेंट कशा वाढवायच्या?

तिरफळ
नमस्कार मंडळी. माझी आई कुडाळजवळच्या गावात राहते, मी ठाण्याला. तिचं यूट्यूबवर रेसिपीचं चॅनल आहे, फेसबुक पेज आणि इन्स्टा पण आहे, शूटिंग भाऊ करतो आणि एडिटिंग-अपलोड मी इथून करते. घावणे, शिरवाळे, कुळथाची पिठी, काळ्या वाटाण्याचं सांबारं, बांगड्याचं तिखलं असं सगळं आमच्या घरचं जेवण, आई मालवणीतच बोलते. व्ह्यूज बरे येतात पण सबस्क्रायबर एका जागी अडकलेत आणि कमेंट म्हणजे "छान", "मस्त ताई", नाहीतर फुलांचे इमोजी. आई प्रत्येकाला "धन्यवाद" लिहिते, तिथेच विषय संपतो.

ओळखीच्या एकाने सांगितलं की शेवटी "लाईक करा, कमेंट करा, शेअर करा, बेल दाबा" म्हणायलाच पाहिजे. आई म्हणते पण तिला ते अवघड होतं आणि ते ऐकायलाही तिचं वाटत नाही. दुसऱ्याने व्हॉट्सॲपचा एक ग्रुप सांगितला, तिथे सगळे चॅनलवाले एकमेकांच्या व्हिडिओवर कमेंट टाकतात. मला ते पटत नाहीये. लोकांच्या मागे न लागता त्यांना बोलतं कसं करायचं? आणि कमेंट वाढल्या तर फॉलोअर्स खरंच वाढतात का? ज्यांनी स्वतः पेज चालवलंय त्यांनी प्लीज सांगा.

मृगबहार
ताई, मी सांगोल्याकडचा, डाळिंबावर फेसबुक पेज आणि यूट्यूब चालवतो. विषय वेगळा असला तरी दुखणं सेम होतं म्हणून सविस्तर लिहितो.

"व्हिडिओ कसा वाटला ते सांगा" असं विचारलं की माणूस "छान" याशिवाय काय लिहिणार? त्याला दुसरं काही सांगण्यासारखं आपण दिलेलंच नसतं. मी प्रश्न बदलला. "तुम्ही बहार कोणता धरता, मृग, हस्त की आंबे? गाव आणि तालुका लिहा." (बहार म्हणजे झाडाला कोणत्या हंगामात फुलं धरू द्यायची ते.) बास एवढंच. आता याचं उत्तर प्रत्येक डाळिंबवाल्याकडे तयार असतं, त्याला विचार करावा लागत नाही, आणि गाव लिहायचं म्हटलं की माणूस आवडीने लिहितो. एक जण पंढरपूर तालुका लिहितो, दुसरा आटपाडी, मग आटपाडीवाला पंढरपूरवाल्याला विचारतो की तुमच्याकडे पाणी किती दिवस पुरतं, आणि ते दोघं आपापसात बोलायला लागतात. मला मधे पडायची पण गरज लागत नाही. खरी मजा तिथे आहे, लोक तुमच्याशी बोलण्यापेक्षा एकमेकांशी बोलायला लागले ना की तेच लोक परत परत येतात.

तेल्या रोगाचा व्हिडिओ टाकला तेव्हा फेसबुकवर लोकांनी आपापल्या फळांचे, पानांचे फोटो कमेंटमध्ये टाकले. प्रत्येक फोटोला उत्तर द्यायला वेळ लागतो, पण दिलं. फवारणीचं नेमकं प्रमाण मात्र मी कमेंटमध्ये कुणाला सांगत नाही, बाग बघितल्याशिवाय सांगू नये, तिथे कृषी सहायकाला दाखवा म्हणतो. पुढच्या व्हिडिओचा विषय बहुतेक वेळा त्या कमेंटमधूनच मिळतो, आणि मग व्हिडिओत सांगायचं की मंगळवेढ्याच्या एका शेतकऱ्याने असं असं विचारलं होतं त्याचं हे उत्तर. तो माणूस तो व्हिडिओ गावभर दाखवतो.

तुमच्या आईकडे तर असे प्रश्न ढीगभर असतील. सोलकढीत लसूण घालायचा का? तिखल्यात तिरफळ फोडून टाकायचं की अख्खं? वाटणाला खोबरं भाजून की कच्चं? प्रत्येक घराचं उत्तर वेगळं, आणि प्रत्येकाला आपल्या आईचंच बरोबर वाटतं. हे विचारा.

दुपारचा_चहा
मी अशी चॅनल्स रोज बघते आणि कधीच कमेंट करत नाही, त्या बाजूने सांगते.

एक म्हणजे टायपिंग. मराठी कीबोर्डवर मला वेळ लागतो आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की कुणीतरी येऊन शुद्धलेखन शिकवतं, ते नको वाटतं. इंग्रजी अक्षरात मराठी लिहिलं तर त्यावरही कुणी ना कुणी बोलतं. आईंनी व्हिडिओतच एकदा सांगितलं ना की "कसांय लिवा, माका समजता", तर माझ्यासारख्या कितीतरी जणी लिहितील. बोलून टाईप करता येतं हे पण बऱ्याच जणींना माहीत नसतं, कीबोर्डवरच्या माईकवर बोट ठेवायचं आणि मराठीत बोलायचं, आपोआप उमटतं. एखाद्या व्हिडिओत भावाला ते पटकन दाखवायला सांगा.

दुसरं, आधीच्या कमेंट बघून माणूस ठरवतो आपण लिहायचं की नाही. वर सगळं "नाईस नाईस" असेल तर मी एवढं मोठं काय लिहू असं होतं. पण वर एखादीने लिहिलेलं असेल की आमच्या वेंगुर्ल्याला शिरवाळ्याच्या रसात वेलची घालतात, तर मला लगेच आमच्याकडचं सांगावंसं वाटतं.

आणि "धन्यवाद" लिहिणं थांबवा असं मी म्हणणार नाही, पण त्याच्यापुढे काहीतरी लिहा. कुणी "छान" म्हणालं तर "तुमच्याकडे पिठीत सोलं (सुकवलेली कोकमं) घालतत काय?" असं विचारा. ती बाई नक्की उत्तर देणार.

पोस्टमन
मी छोट्या दुकानांची आणि क्लासेसची पेजेस सांभाळतो, हेच काम आहे माझं. दोन-तीन गोष्टी पक्क्या माहीत आहेत त्या सांगतो.

फेसबुकने डिसेंबर २०१७ मध्येच जाहीर केलं होतं की "हो असेल तर लाईक करा", "तीन मित्रांना टॅग करा", "कमेंटमध्ये हो लिहा" असल्या पोस्ट फीडमध्ये खाली ढकलणार. लाईक, कमेंट, शेअर, टॅग आणि इमोजी देऊन मतदान, हे पाचही प्रकार त्यात होते. वारंवार करणाऱ्या पेजची सगळीच पोहोच कमी होणार असंही म्हटलं होतं. पण त्याच घोषणेत हे पण होतं की लोकांकडे सल्ला, मदत, शिफारस मागणाऱ्या पोस्टला याचा त्रास होणार नाही. म्हणजे "कमेंट करा" असा आग्रह आणि "तुमच्याकडे हे कसं करतात" असा खरा प्रश्न, यातला फरक खुद्द कंपनीनेच मांडून ठेवलाय. मृगबहार दादा जे करतायत ते बरोब्बर दुसऱ्या बाजूला बसतं.

त्यानंतर जानेवारी २०१८ मध्ये झुकरबर्गने सांगितलं की फीडमध्ये लोकांच्या एकमेकांशी होणाऱ्या संवादाला जास्त महत्त्व देणार. ते ऐकून बऱ्याच पेजवाल्यांनी भांडणं लावायला सुरुवात केली, कारण भांडणाला कमेंट भरपूर. २०२१ मध्ये बाहेर आलेल्या फेसबुकच्या अंतर्गत कागदपत्रांत दिसलं की २०१७ पासून काही काळ रागाच्या इमोजीला लाईकच्या पाचपट वजन होतं, नंतर ते काढून टाकलं. ताई, हे सांगायचं कारण असं की "मालवणी विरुद्ध गोवन फिश करी, कोण भारी?" असलं काही कुणी सुचवलं तर करू नका. त्या दिवशी आकडा फुगेल पण जे येतील ते भांडायला येतील, आणि आईंचं जे शांत, घरगुती वातावरण आहे तेच जाईल. "तुमच्याकडे कसं करतात" आणि "कोणाचं चांगलं" हे ऐकायला जवळचे वाटले तरी त्यातून येणारी माणसं फार वेगळी असतात.

ते व्हॉट्सॲप ग्रुप तर अजिबात नको. तिथले लोक व्हिडिओ उघडतात, दहा सेकंदात "सुपर" टाकतात आणि निघून जातात. त्यांना तिखल्याशी काही देणंघेणं नसतं. मग यूट्यूबला दिसतं काय, तर लोक उघडून लगेच पळतात. शिवाय "तू मला सबस्क्राईब कर मी तुला करतो" हे यूट्यूबच्या नियमांत सरळ बंद आहे. बक्षीस लावून कमेंट मागणं पण टाळा, मिक्सर जिंकायला आलेला माणूस मिक्सर न मिळाल्यावर थांबत नाही. फेसबुकवर तर स्वतःच्या टाइमलाइनवर शेअर करायला लावून किंवा मित्रांना टॅग करायला लावून स्पर्धा घेणं नियमातच बसत नाही.

भटक्या_०७
थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. कमेंटच्या मागे एवढं लागायची गरज आहे का? यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला लागतात १००० सबस्क्रायबर आणि मागच्या १२ महिन्यांत ४००० तास वॉच टाइम, नाहीतर ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज. त्यात कमेंट कुठेच नाही. इन्स्टाचे प्रमुख ॲडम मोसेरी पण जे महत्त्वाचं म्हणून सांगतात ते म्हणजे लोक किती वेळ बघतात, लाईक, आणि डीएममधून (खासगी मेसेजमधून) दुसऱ्याला पाठवणं. म्हणजे आधी व्हिडिओ शेवटपर्यंत बघावासा वाटला पाहिजे, बाकी नंतर. मी किल्ल्यांचे व्हिडिओ करतो, माझे बरेच व्हिडिओ कमेंट कमी असूनही चालतात.

मृगबहार
भटक्या भाऊ, तुमचं बरोबर आहे, व्हिडिओ वाईट असेल तर प्रश्न विचारून काही होत नाही. पण सबस्क्राईब माणूस कधी करतो? एकदा बघून गेलेला बहुतेक वेळा करत नाही. ज्याने काहीतरी लिहिलं, त्याला उत्तर आलं, त्याची नोटिफिकेशन आली, तो परत आला, तो करतो. यूट्यूबवर तुम्ही रिप्लाय दिला की त्याला कळवलं जातं, नुसता हार्ट दिला तरी कळतं. परत यायचं कारण मिळतं त्याला. आणि डीएममधून पाठवणं म्हणाल तर "बघ गं, आपल्या आजीचीच पद्धत आहे, खाली वाच लोक काय म्हणतायत" असं म्हणूनच रेसिपी पाठवली जाते ना.

तिरफळ
बापरे, किती छान लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. आईला रात्री फोनवर सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, प्रश्न विचारूक माका आवडात, पण शेवटाक नको, वाटाप वाटताना विचारतंय. मला ते फार पटलं कारण शेवटी तर अर्धे लोक निघून गेलेले असतात आणि वाटण करताना ती तशीही गप्पा मारत असते.

एका मुंबईतल्या काकांनी शिरवाळ्याच्या व्हिडिओखाली लिहिलं होतं, "शेवग्यावर दाबताना आमी दोग भाव लटकायचो, आवस ओरडायची" (शेवगा म्हणजे शिरवाळे पाडायचा लाकडी साचा). मी त्याला नुसता हार्ट देऊन पुढे गेले होते, आता आईला त्यावर काय वाटतं ते विचारून लिहिते. आता एक शंका, चॅनलवर बाईमाणूस दिसलं की काही घाण कमेंट पण येतात, आईने ते वाचावं असं मला वाटत नाही. जास्त कमेंट आल्या की तेही वाढणार ना?

पोस्टमन
वाढणार, आणि त्याची तयारी आधी करा. यूट्यूब स्टुडिओत ब्लॉक्ड वर्ड्सची यादी करता येते, मराठीतल्या शिव्या देवनागरीत आणि इंग्रजी अक्षरात, दोन्ही स्पेलिंगने टाका, मग तसल्या कमेंट आपोआप बाजूला राहतात आणि तुम्ही बघून ठरवता. लिंक असलेल्या कमेंट पण अडवता येतात. इन्स्टावर हिडन वर्ड्स म्हणून सेटिंग आहे, तेच काम करतं. एखादा सारखा त्रास देत असेल तर त्याला चॅनलवरून हाइड करा. त्याला ते कळत नाही, तो लिहीत राहतो आणि बाकी कुणाला दिसत नाही. या बाबतीत भीड अजिबात ठेवू नका, पहिली घाण कमेंट दिवसभर तशीच राहिली तर बाकीच्या बायका लिहिणं बंद करतात.

आणि एक, चॅनल थोडं मोठं झालं की आईंचा फोटो लावून कुणीतरी लोकांना "अभिनंदन, तुम्ही गिफ्ट जिंकलात, टेलिग्रामवर या" असे रिप्लाय देणार. हे हमखास होतं. अशा खात्याला रिपोर्ट करा आणि डिस्क्रिप्शनमध्ये साफ लिहून ठेवा की आम्ही कुणालाही टेलिग्रामवर बोलावत नाही, बक्षीस देत नाही, पैसे मागत नाही. तुमचे प्रेक्षक वयस्कर असतील तर आईंनी स्वतः एकदा व्हिडिओत सांगितलेलं उत्तम. भावाला ॲक्सेस द्यायचा तर पासवर्ड देऊ नका, स्टुडिओत परमिशन्समधून देता येतो.

तिरफळ
हे आजच करते. पुढच्या व्हिडिओसाठी पिन करायची, म्हणजे सगळ्यात वर ठेवायची कमेंट अशी लिहिलीये: "सोलकढीत तुमच्याकडे लसूण घालतात का? आगळ (कोकमाचा घट्ट रस) वापरता की सोलं भिजवता? नारळाचं दूध किती वेळा काढता? आणि सोबत काय खाता? गाव पण सांगा." बरी आहे का?

दुपारचा_चहा
खूप प्रश्न झाले गं, परीक्षेला बसल्यासारखं वाटतंय. लसणाचा एकच ठेव आणि गाव. आगळ की सोलं हा पुढच्या वेळेला होईल. आणि ते आईंच्या भाषेत लिही, तुझ्या नको.

आमच्याकडे लसूण नाही घालत, हिरवी मिरची आणि जिरं. दापोली.

मृगबहार
बरोबर, एकच. आणि व्हिडिओ टाकल्यावर पहिले दोन-तीन तास आईंना फोन जवळ ठेवायला सांगा. लगेच उत्तर मिळालं की माणूस परत लिहितो, दोन दिवसांनी मिळालं तर तो विसरलेला असतो. संध्याकाळी जेवणं आटोपल्यावर टाकत असाल तर अजून बरं, तेव्हा सगळेच निवांत असतात.