ऊसतोड बायकांच्या गटाला निधी हवाय, पण नोंदणीच नाही. काय करावं?

वहीवाली:
नमस्कार. बीड जिल्ह्यातल्या चार गावांत आमचा ऊसतोड बायकांचा गट आहे, दोन वर्षं झाली, साठेक जणी आहेत, निम्म्याहून जास्त एकल. संस्था वगैरे काही नाही, एक वही, एक पावतीपुस्तक आणि महिन्याला १० रुपये वर्गणी. काम म्हणजे उचल (हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम) किती घेतली ते मुकादमाच्या (टोळी नेणाऱ्या कंत्राटदाराच्या) वहीत असतं तसं आमच्याही वहीत लिहायचं, एकल बाईचं रेशनकार्ड वेगळं करायला तहसीलला खेटे घालायचे, फडावर जाणाऱ्यांची पोरं गावातच राहून शाळेत जातील का ते बघायचं. खर्च सगळा जीपभाड्याचा आणि झेरॉक्सचा. पण जी ताई हे सगळं बघते ती स्वतःची मजुरी बुडवून फिरते, ते किती दिवस चालणार? एका कंपनीच्या सीएसआरवाल्यांना (कंपनीचा समाजकार्याचा निधी बघणाऱ्यांना) रस आहे, पण फॉर्मवर पहिलाच रकाना नोंदणी क्रमांकाचा, त्याखाली 'लाभार्थी संख्या'. आमच्यात लाभार्थी कुणाला म्हणायचं तेच कळेना. नोंदणी करून टाकावी का?

हिशेबनीस:
ताई, नोंदणी आज केली तरी तो सीएसआर लगेच मिळणार नाही. बाहेरच्या संस्थेला तो पैसा घ्यायचा तर १२ए आणि ८०जी (आयकर सवलतीच्या नोंदण्या), सीएसआर-१ फॉर्म (सीएसआर घेणाऱ्या संस्थेची सरकारकडची नोंद) आणि वर ३ वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो. परदेशी निधीचं तर अजून लांब, एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या नोंदणीला ३ वर्षं जुनी संस्था आणि त्या काळात कामावर १५ लाख खर्च दाखवावा लागतो. नोंदणी अवघड नाही, सात जणी लागतात, १८६० च्या कायद्याखाली सोसायटी करायची आणि धर्मादाय कार्यालयात १९५० च्या कायद्याखाली ट्रस्ट म्हणूनही नोंद होते. पण मग दरवर्षी ऑडिट आलं, पदाधिकारी बदलला की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट (बदलाची धर्मादाय कार्यालयाला द्यायची माहिती) आला. हे कोण करणार ते आधी ठरवा. मी असे किती ट्रस्ट बघितलेत ज्यांचे चेंज रिपोर्ट दहा-दहा वर्षं पडून आहेत आणि भांडणं लागलीत.

जुना_कार्यकर्ता:
हिशेबनीस बरोबर सांगतायत. माझं म्हणणं, सध्या ओळखीच्या नोंदणीकृत संस्थेच्या छत्राखाली काम करा, ताईचं मानधन आणि प्रवासखर्च त्यांच्या खात्यातून जाऊ दे, फक्त करार लेखी करा आणि त्यात स्पष्ट लिहा की वही गटाची, निर्णय गटाचे. आणि त्यांचा पैसा कुठून येतो ते विचारा, कारण २०२० नंतर एफसीआरएचा पैसा एका संस्थेला दुसऱ्या संस्थेकडे देता येत नाही.
आता मनातलं बोलतो. आमच्या तालुक्यात आम्ही मोठी ग्रँट घेतली होती, ३ वर्षांची. पहिल्या वर्षी बैठका, दुसऱ्या वर्षी बैठकांचे फोटो आणि सह्यांचे कागद, तिसऱ्या वर्षी बायका विचारायला लागल्या की आज चहानाष्टा आहे का. ग्रँट संपली आणि वर्गणी परत सुरू करायला गेलो तर कुणी देईना. चूक आमची, ग्रँट आली म्हणून वर्गणी आम्हीच बंद केली होती. ते १० रुपये काही झालं तरी सोडू नका.

कोथरूडहून:
+१. पुण्यात हमाल पंचायत बघा, कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत बघा, १९९३ पासून आहे, सभासद स्वतः वर्गणी भरतात म्हणून हक्काने प्रश्न विचारतात. गडचिरोलीत मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि पुढे ग्रामसभेने बांबू विकून स्वतःचा निधी उभा केला. तुमच्याकडे बांबू नाही हे मान्य, पण ताईच्या मानधनासाठी सामाजिक कृतज्ञता निधीसारख्या ठिकाणी विचारून बघा, कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळावं यासाठीच तो उभा राहिलाय.

वहीवाली:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल बैठकीत हे सगळं वाचून दाखवलं. एक मावशी म्हणाल्या, कंपनीचा माणूस आला तर त्याला आपली वही दाखवायची का? कारण त्यात कुणाची किती उचल ते सगळं लिहिलंय. मी हा विचारच केला नव्हता. शेवटी ठरलं की वही कुणालाच द्यायची नाही, वर्गणी १५ रुपये करायची, आणि आष्टीकडच्या एका ओळखीच्या संस्थेशी बोलायचं. दादा, तो करारनामा कसा लिहितात त्याचा नमुना असेल तर टाका ना, दिवाळी झाली की टोळ्या हलतील, मग सह्यांना कुणी सापडणार नाही.