मदत हवी आहे : शाहू जयंतीसाठी बोर्डिंगच्या आठवणी

नमस्कार मंडळी. २६ जूनला आमच्या तालमीत गल्लीतल्या पोरांना शाहू महाराजांविषयी सांगायचंय. दरवर्षी हार, नारळ आणि दोन भाषणं होतात, पोरं पेढ्याची वाट बघत बसतात. यंदा तसं नको.

गेल्या वर्षी गंगाराम कांबळेंच्या चहाच्या दुकानाची गोष्ट सांगितली. अस्पृश्य म्हणून लोक तिथं चहा प्यायला जाईनात, तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून चहा प्यायचे. चौथीतलं एक पोरगं उठून म्हणालं, "मग बाकीचे पण प्यायला लागले काय?" तेव्हा कळलं, पोरांना सनावळी नको, माणूस हवा. १९०२ चा ५० टक्के आरक्षणाचा हुकूम किंवा १९१७ चं सक्तीचं मोफत शिक्षण नुसतं पाठ करून घेतलं की दुसऱ्या दिवशी विसरतात.

म्हणून विनंती. कुणाचे आजोबा-पणजोबा महाराजांच्या मदतीनं उभ्या राहिलेल्या बोर्डिंगमध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात, कोल्हापुरात दसरा चौकात किंवा शहरात दुसरीकडं राहून शिकले असतील, तर घरात सांगितलेली आठवण लिहून पाठवा. जेवणाची पंगत, कंदिलाखालचा अभ्यास, गावाकडून पायी येणं, काहीही चालेल. माझ्या आजोबांची पत्र्याची ट्रंक आहे, झाकणावर खिळ्यानं कोरलेलं नाव अजून वाचता येतं. ती पोरांसमोर ठेवणार आहे. तशी एखादी वस्तू कुणाकडं असेल तर दोन तासांसाठी द्याल का? मी स्वतः येऊन नेईन, त्याच दिवशी संध्याकाळी परत आणून देईन.