शब्दचर्चा: 'माइंडफुलनेस'ला मराठीत काय म्हणावं?

जीरावण (इंदूर)
आमच्या मंडळात दर रविवारी सकाळी ज्येष्ठांसाठी तासाभराचा वर्ग सुरू होतोय. श्वासाकडे लक्ष देणं, सावकाश चालणं, जेवताना नुसतं जेवणं, असं काय काय. शिकवणाऱ्या बाई सरसकट 'माइंडफुलनेस' म्हणतात. फळ्यावर लावायची सूचना मराठीत लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. वर्तमानपत्रं 'सजगता' छापतात. मला तो शब्द चौकीबाहेरच्या पाटीवरचा वाटतो. इकडे हिंदीत 'सजग रहें' म्हटलं की हात आधी खिशाकडे जातो.

'ध्यान' मात्र सुचवू नका. इंदुरी मराठीत ध्यान म्हणजे लक्ष. 'दुधावर ध्यान ठेव', 'तुझं ध्यान कुठाय?' हे आमच्या घरात रोजचं. हिंदीच्या शेजाराने रुळलेलं. सूचनेत ध्यान लिहिलं तर निम्मे लोक डोळे मिटून बसायच्या तयारीने आसनं घेऊन येतील आणि पुण्याकडून आलेल्या सुना तोंडाला पदर लावून हसतील.

पेठकर (पुणे)
हसणारच. "काय ध्यान आहे!" हे इकडे गबाळ्या माणसाला म्हणतात. खरं तर ज्याचं ध्यान करावं ते रूप म्हणजे ध्यान. तुकोबांचं 'सुंदर तें ध्यान' हे त्याच अर्थाचं. पुढे थट्टेत वापरून वापरून शब्दाची पार रया गेली. असो.
माझं मत 'अवधान'ला. ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय उघडतोच "तरि अवधान एकलें दीजे । मग सर्वसुखासि पात्र होईजे" असा. शके १२१२ चा ग्रंथ. याहून जुना दाखला कुठून आणायचा?

बडोदेकर
दाखला जुना आहे, पण माउली तिथे श्रोत्यांचे कान मागताहेत. अवधान दुसऱ्याला 'द्यायचं' असतं. वर्गात तर मला राग येतोय हे माझं मला कळायला हवं. रागाला अवधान द्या, असं म्हणणार का? शिवाय शतावधानी म्हणजे एका वेळी शंभर गोष्टी सांभाळणारा. बाई नेमकं ते सोडायला सांगताहेत.

पेठकर
बरं, मग 'सावधपण'? समर्थांचं आहे.

बडोदेकर
समर्थांनी ते राजकारणाच्या पाठोपाठ मांडलंय: "दुसरें तें राजकारण । तिसरें तें सावधपण". म्हणजे चहूकडे नजर. आज तर 'सावधान' विजेच्या डब्यावर कवटीखाली लिहिलेलं असतं. लग्नातलं सावधान ऐकूनही समर्थ पळालेच, अशी कथा आहे!

महूकर
मूळ शब्द आपल्याकडचाच आहे हे कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. बुद्धाच्या अष्टांगिक मार्गातलं सातवं अंग 'सम्यक स्मृती', पालीत सम्मासति. आमच्या विहारात लहान पोरांनाही पाठ असतं. या 'सति'ला इंग्रजीत 'माइंडफुलनेस' हा शब्द पालीचे अभ्यासक ऱ्हिस डेव्हिड्स यांनी १८८१ साली योजला. पुढे १९७९ मध्ये जॉन कबात-झिन यांनी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी त्यावर काही आठवड्यांचा वर्ग बांधला. पहिल्याच धड्यात एक मनुका देतात: बघा, हुंगा, जिभेवर धरा, मग चावा. तुमच्या बाईंचा वर्ग बहुधा त्याच वळणाचा असणार.
तरी सूचनेत 'स्मृती' लिहू नका. ज्येष्ठांच्या वर्गात लोक विसरभोळेपणावरचा उपाय समजून येतील. पण त्या शब्दातलं एक सोडू नका. मन भरकटतं आणि मध्येच आठवतं, 'अरे, आपण श्वास बघत होतो.' सगळा सराव त्या आठवण्याचाच आहे.

जीरावण
त्याला तर आपल्याकडे तयार शब्द आहे: भानावर येणं!

पेठकर
थांबा. मराठीत भान हरपणं ही दाद असते. भान हरपून गाणं ऐकलं, देहभान विसरून नाचला. तुमचा वर्ग ते भान परत आणून देणार असेल तर आम्हाला नको.

जीरावण
गाण्यात हरपतं ते वेळेचं आणि देहाचं भान. गाण्याचं नाही हरपत, उलट तेवढंच उरतं. आणि आमचं रोजचं हरपणं त्या जातीचं नसतंच. आज सकाळचंच बघा. ठेल्यावर पोहे घेतले, वर शेव, कांदा, जीरावण मसाला, बाजूला जिलेबी. फोनवर काहीतरी वाचत बसलो. दाताखाली बडीशेप आली तेव्हा कळलं की आपण पोहे खातोय. त्या घासात जीरावणाचा आंबट-तिखट झटका, जिभेवर हळदीचा किंचित कडवटपणा, सगळं एकदम आलं. बशीत तोवर दोन चमचे उरले होते. याला भान हरपणं म्हटलं तर भीमसेनांच्या श्रोत्यांचा अपमान होईल.

पेठकर
हे पटलं. तरी नुसतं 'भान' लिहू नका. "जरा भान ठेवा" ही मराठीत दटावणी आहे, म्हणजे जीभ आवरा. आणि 'भानावर राहण्याचा वर्ग' लिहिलात तर दारू सोडवायचा वाटेल.

बडोदेकर
म्हणून त्याला षष्ठी लावा. वेळेचं भान, परिस्थितीचं भान, समाजाचं भान. भान 'कशाचं' ते सांगितलं की दटावणी निघून जाते आणि जाणीव राहते. एकट्याने उभं राहिलं की ते मर्यादेकडे झुकतं.

महूकर
'वर्तमानात जगा' हे वाक्यही टाळा. बोलताना असं कुणी म्हणत नाही. आमची आजी पोळी करताना म्हणायची, "हात इथं, जीव इथं."

जीरावण
छान. तर मसुदा असा:
"श्वासाचं भान, चालण्याचं भान, घासाचं भान. दर रविवारी सकाळी, मंडळाच्या सभागृहात. बाई 'माइंडफुलनेस' म्हणतात ते हेच. फोन घरी ठेवून यावे."
खाली एक ओळ हिंदीत लागेल, कारण नातवंडं मराठी बोलतात पण वाचत नाहीत. तिथे 'ध्यान' बिनधास्त घालतो.

पेठकर
घासाचं आधी घ्या. ज्येष्ठ आहेत, पहिला शब्द वाचूनच ठरवतील.