बहुतेक समभाग घसरूनही निफ्टी वर कसा जातो?

प्रश्न
गेल्या आठवड्यात एके दिवशी बाजार बंद झाल्यावर मी निफ्टीतील, म्हणजे राष्ट्रीय शेअर बाजाराच्या निर्देशांकातील, पन्नासही कंपन्यांची यादी तपासली. निम्म्याहून अधिक समभाग घसरले होते, तरी निर्देशांक मात्र वाढलेला होता. निर्देशांक ही भावांची सरासरी असेल, तर हे कसे शक्य आहे?

उत्तर
निफ्टी ही भावांची साधी सरासरी नाही, आणि गोंधळाचे मूळ तिथेच आहे. प्रत्येक कंपनीचे वजन तिच्या बाजारमूल्यावरून (एकूण समभाग गुणिले भाव) ठरते, आणि त्यातही प्रवर्तकांकडे, म्हणजे कंपनी उभारणाऱ्या व चालवणाऱ्या मालकांकडे, अडकून राहिलेले समभाग वगळून फक्त बाजारात खरेदी-विक्रीला मोकळे असलेले समभाग मोजले जातात. या पद्धतीला फ्री फ्लोट म्हणतात. मुंबई शेअर बाजाराच्या सेन्सेक्सने ती २००३ मध्ये स्वीकारली, तर निफ्टीने २००९ मध्ये.

दोनच कंपन्यांचा निर्देशांक कल्पून पाहा. पहिलीचे १० कोटी समभाग आहेत, भाव ५०० रुपये आणि प्रवर्तकांचा वाटा ६० टक्के. म्हणजे मोकळे मूल्य २,००० कोटी. दुसरीचे ४ कोटी समभाग, भाव १,००० रुपये, प्रवर्तकांकडे २५ टक्के. मोकळे मूल्य ३,००० कोटी. एकूण ५,००० कोटी. आधारदिनी, म्हणजे निर्देशांकाची मोजणी ज्या दिवसापासून सुरू झाली त्या दिवशी, हे मूल्य २,५०० कोटी आणि निर्देशांक १,००० धरला असेल, तर आजचा निर्देशांक २,००० येतो. आता पहिली ५ टक्के घसरली तर १०० कोटी कमी होतात, पण दुसरी ५ टक्के वाढली तर १५० कोटी वाढतात आणि निर्देशांक २,०२० वर जातो. मोठ्या बँका व मोठ्या माहिती तंत्रज्ञान कंपन्या वर असल्या की खालच्या वीस-पंचवीस कंपन्यांची घसरण झाकली जाते, ती अशी.

प्रश्नकर्ता
म्हणजे समभागाचा भाव किती आहे, याला काहीच अर्थ नाही?

उत्तर
वजन ठरवताना नाही. टायर बनवणाऱ्या एमआरएफच्या एका समभागाने जून २०२३ मध्ये एक लाख रुपयांचा टप्पा ओलांडला, तरी ती कंपनी निफ्टी ५० मध्ये नव्हती. एलआयसीचे उदाहरण तर याहून बोलके आहे: २०२२ च्या पहिल्या समभागविक्रीत सरकारने केवळ साडेतीन टक्के हिस्सा विकला, त्यामुळे एकूण बाजारमूल्य प्रचंड असूनही मोकळे मूल्य त्या मानाने फारच थोडे राहिले. जपानचा निक्केई २२५ किंवा अमेरिकेचा डाऊ जोन्स हे मात्र भावावर आधारलेले आहेत, म्हणून तिथे महाग समभागाचा प्रभाव जास्त असतो.

आणखी एक उत्तर
वरच्या हिशोबात एक भर घालतो. एखादी कंपनी वगळून दुसरी घेतली जाते, तेव्हा आधारमूल्यही (वरच्या उदाहरणातले २,५०० कोटी) त्याच प्रमाणात बदलले जाते, जेणेकरून केवळ अदलाबदलीमुळे निर्देशांक उडी मारणार नाही. निफ्टीचा असा आढावा वर्षातून दोनदा होतो. लाभांशाची मात्र अशी भरपाई होत नाही: लाभांशानंतर भाव खाली आला की नेहमीचा निफ्टीही त्या कंपनीच्या वजनाच्या प्रमाणात खाली येतो. त्यामुळे आपल्या म्युच्युअल फंडाची तुलना करताना निफ्टीच्या टोटल रिटर्न आवृत्तीशीच (जिच्यात लाभांशही धरलेला असतो) करावी. बाजार नियामक सेबीनेही फेब्रुवारी २०१८ पासून फंडांना तेच बंधनकारक केले आहे.